चावीचं घड्याळ

“थुंका,” बायको म्हणाली.

घड्याळजी पायात पोहायचे रबरी पंखे चढवून कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी हातातल्या मास्ककडे पाहिलं, मग बायकोकडे. “काचेवर? मी?”

“थुंकी चोळायची आणि विसळायची. नाहीतर वाफ धरते.”

बायको नवशिक्यांना स्नॉर्केलिंग शिकवायची. वीस वर्षांत तिने निम्म्या गावाची तोंडं पाण्यात घातली होती. पोस्टमनचं घातलं, पोस्टमनच्या सासूचंही घातलं. नवरा तेवढा कोरडा. तो किनाऱ्यावर तिच्या चपला सांभाळत बसायचा. आज सकाळी ती म्हणाली, “अहो, माझं अर्धं आयुष्य जिथे गेलं, ते एकदा तरी बघा. आजही नाही म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही.” रागावून म्हणाली असती तर त्यांनी कानाआड केलं असतं. ती हसून म्हणाली. तिथे ते घाबरले.

“आता नाक विसरा. नळी दातांत धरा, तोंडाने सावकाश श्वास घ्या. नळीत पाणी आलं तर जोरात फुंका. आणि ते घड्याळ काढून ठेवा.”

“का म्हणून? झाकण स्वतःच्या हाताने घट्ट बसवलंय. अख्खा समुद्र ओतलास तरी थेंब आत जाणार नाही.” त्या घड्याळाला ते रोज सकाळी सातला चावी द्यायचे. लग्नाचा वाढदिवस विसरले असतील, चावी नाही. “तू फक्त माझा हात सोडू नकोस.”

“नाही सोडत हो.”

ते थुंकले. पण बायकोची पाठ वळताच त्यांना राहवेना. चाळीस वर्षं ज्या माणसाने काचेवर बोटाचा ठसा उमटू दिला नाही, तो थुंकी कशी ठेवेल? त्यांनी खिशातून मऊ कातड्याचा तुकडा काढला, पिळला आणि काच लख्ख पुसली.

दोघं खडकाच्या कडेने पालथी तरंगू लागली. दोन मिनिटांत घड्याळजींच्या काचेवर वाफ धरली. पुढे नुसतं दूध. आता उठायचं, आणि जन्मभर चपला सांभाळायच्या, असं त्यांनी ठरवलंच होतं. तेवढ्यात हातावरची पकड घट्ट झाली. त्यांनी दाबलं, पलीकडूनही दाबलं गेलं. ते शांत झाले. चार टिकटिक श्वास आत, चार टिकटिक बाहेर. हात कधी तळवा कुरवाळी, कधी मनगटाशी चाळा करी. या वयात! घड्याळजी नळीतून असे खदखदून हसले की खडकावरचे पक्षी उडाले. खोटं वाटत असेल तर पोस्टमनच्या सासूला विचारा, ती किनाऱ्यावरच होती.

शेवटी ते उभे राहिले आणि मास्क कपाळावर चढवला. “अगं, दिसलं काहीच नाही, पण काय सुख आहे! आणि तू हात एकदाही सोडला नाहीस!”

बायको वीस हात लांब उभी होती. तिच्या हातात घड्याळजींच्या पायातला रबरी पंखा होता.

“अहो, हा सुटून वाहत चालला होता. तुमचा हात खडकावर टेकवला आणि गेले मागे. दहा मिनिटं झाली!”

घड्याळजींनी मनगट वर केलं. त्यावर लाल गोल ठशांची रांग उमटली होती. घड्याळ नव्हतं.

बायकोने खडकापाशी तोंड पाण्यात घातलं. वर आली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. “कपारीत ऑक्टोपस बसलाय. घड्याळ घालून! एक हात पुढे धरून मिरवतोय मेला.”

“चालू आहे का?”

“काटा फिरतोय.”

घड्याळजी गंभीर झाले. त्यांनी मास्क काढला, कुणी न सांगता काचेवर थुंकले आणि नीट चोळलं.

“मग उद्यापासून रोज सकाळी सातला आपण दोघं इथे,” ते म्हणाले. “त्याला चावी कोण देणार?”