पाठीवरचे पट्टे

"ताप आला म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं का? गार वारा शिरलाय तुझ्या अंगात," असं म्हणत वेनिंगने इंडोनेशियातल्या योग्यकार्ताच्या होस्टेलवर खोलीतल्या मैत्रिणीला, सेकारला पालथं झोपवलं, पाठीला तेल चोळलं आणि वारा बाहेर काढायला जुनं नाणं कण्यापासून बरगड्यांकडे घासायला सुरुवात केली. समोरच विद्यापीठाचा दवाखाना होता, ओळखपत्र दाखवलं की सगळं फुकट. "तिथली बाई उगाच सुया टोचते," सेकार कण्हली, "तूच घास." पट्टे लाल न उमटता काळेजांभळे उमटले. "बघ, केवढा वारा भरला होता!" वेनिंग खूश झाली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तेव्हा तिने ते नाणं मजलाभर मिरवलं. संध्याकाळी सेकारचे हातपाय गार पडले. तिला उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाई पाठ बघून ओरडल्या, "वारा कसला, डेंग्यू आहे हा! कातडीखाली रक्त उतरलंय." आता गावी, परसात, सेकारची आई लेकीला शेवटची अंघोळ घालत होती आणि वेनिंग पाणी ओतत होती. कुशीवर वळवताना आईला ते पट्टे दिसले. तिने त्यांवरून हळूच बोट फिरवलं. "तू केलंस हे?" वेनिंगने मान हलवली. आईने ओल्या हातांनी तिला जवळ ओढलं. "मला वाटलं, माझी पोर परक्या शहरात एकटीच तडफडली. तू होतीस गं तिचं करायला." मग डोळे पुसून तिने विचारलं, "नाणं आहे ना अजून? धाकटी पण यंदा तिथेच शिकायला येतेय. तिच्याजवळ देऊन ठेव."