पट्ट्यातला हात

"माणिकराव, हात सैल सोडा बरं. उसाच्या मोळीसारखा आवळून काय धरलाय?"

ज्योत्स्ना सिस्टर दिवाळीनंतरच या उपकेंद्रात बदलून आल्या होत्या. तोंडानं तिखट, हातानं मऊ. दंडावरचा पट्टा फुगला, उतरला. आकडा पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"एकशे अठरा! बिडी सोडली का काय?"

"तीन महिने झाले, बाई." तो ओशाळून म्हणाला. "लेकीनं बंडल चुलीत टाकलं अन् गळ्यात पडून रडली."

"शाबास पोरीची!" सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला, महिन्या-महिन्यानं उतरत आलेले आकडे वाचून दाखवले. "निम्मी करायला सांगितलीय. रोज अर्धी गोळी."

त्याचा चेहराच उतरला. "अर्धी नगं, बाई. हाय तेवढीच ऱ्हाऊ द्या."

"लोक गोळी सुटावी म्हणून रडतात, तुम्ही गोळीसाठी रडताय!" रांगेतल्या बाया फिसकन हसल्या. "बिडी सुटली की प्रेशर उतरतं. वर पुरी गोळी खाल्ली तर चक्कर येऊन पडाल."

तो काही बोलणार, तोच कडूबाई पुढं सरकली. नवरा ऊसतोडीला गेलेला, त्याचं कार्ड घेऊन आलेली.

"माणूस आणा, बाई. हात पट्ट्यात घातल्याशिवाय गोळ्या नाहीत."

कडूबाई रिकामी परत फिरली. तिच्या मागोमाग तोही उठला.

बाहेर टपरीवर त्यानं बिडी पेटवली. एक, दोन, तीन. ठसक्यानं छाती फाटायला आली, धुरात लेकीचं तोंड तरळलं. तसाच तो आत गेला.

"परत मोजा."

सिस्टरांनी नाक मुरडलं. "लाज नाही वाटत? आणि बिडी ओढल्या ओढल्या मोजत नसतात. जा घरी."

तिसाच्या जागी पंधरा गोळ्या. पुढं पाठवायची पुडी छातीशी धरून तो मांजरसुंब्याच्या जीपमध्ये बसला. तेवढ्यात फडावरनं सिंधुबाईचा फोन आला.

"मिळाल्या का गोळ्या?"

"पंधराच. रोज अर्धी घ्यायची म्हणत्यात."

"अर्धी कावून?"

"प्रेशर उतरलंय म्हणं. बिडीचं तेवढं बघा आता तरी."

"ऐकतंय कोण!" सिंधुबाई हसली. तिच्यामागं कुणीतरी खोकत होतं.

फोन ठेवून तो बाहेरची करपलेली रानं बघत राहिला. अर्धीही पुरत असेल. सिस्टर म्हणाल्या म्हणजे पुरतच असेल. जीपच्या खडखडाटात त्यानं हेच मनाशी कितीदा तरी घोळवलं.

पुढच्या महिन्यात तो दारात दिसताच सिस्टर खुलल्या.

"बघा गं, हा माणूस! बिडी सोडली, गोळी निम्म्यावर आली. आपापल्या नवऱ्यांना सांगा!"

सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. त्यानं तोंड उघडलं, पण पट्टा दंडावर चढलासुद्धा.

"अंहं! मोजताना बोलायचं नाही, आकडा चुकतो."

पट्टा फुगला. पट्टा उतरला.

"एकशे चौदा! माणिकराव, आज गोळी बंदच करून टाकू."

"करा, बाई," तो म्हणाला. "माणिकदादाची माती सोमवारीच झाली, तिकडं उसाच्या फडावर. ह्यो हात धाकट्याचा हाय."