गोटा झालेले टायर

"गाडी बाजूला घ्या. हे टायर ताशी दोनशे दहापर्यंतच चालतात," तपासनीस टायरवरच्या 'एच' या वेगमर्यादेच्या अक्षरावर बोट ठेवत म्हणाला.

माझी स्पोर्ट्स कार दोनशे ऐंशीनं पळते. तिला एकदा तशी सोडायला ही मोकळी धावपट्टी मिळावी म्हणून मी वर्षभर ताटकळलोय.

"अहो, माझे टायर तीनशेचे आहेत!"

"ते मी काल बदलले," एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले माझे वडील ऐटीत म्हणाले. "पार गोटा झालेले, नक्षीच नव्हती. मरायचंय का?"

"अण्णा, शर्यतीचे टायर तसेच असतात! कुठायत ते?"

"गच्चीवर. माती भरून कोथिंबीर पेरली."

शेजारून एकेक गाडी सुसाट सुटत होती. मी दातओठ खात घरी परतायला स्टिअरिंगवर बसलो. बाजूच्या सीटवर अण्णांनी निवांतपणे पट्टा लावला.

"सावकाश घे. टायर नवे आहेत."