गेटासमोरच्या चकरा

घरी पोचलो तेव्हा सायकलवरचा कॉम्प्युटर पन्नास किलोमीटर दाखवत होता आणि मनगटावरचं घड्याळ जेमतेम एकोणपन्नास. माझ्यासारख्या गाढवाला दोन्हीकडे पन्नास लागतात, म्हणून गेटासमोरच चकरा मारू लागलो. बायको तयार होऊन गेटात उभी. आज तिची नोकरीची मुलाखत, आणि गाडीने सोडणार होतो मीच.

"अहो, निघायचं ना?"

"झालंच गं, थोडंसंच राहिलंय!"

चार चकरांनंतर बघतो तर ती शेजारच्या काकूंच्या स्कूटरवर मागे बसलेली.

"अगं, थांब ना!"

"चालू द्या तुमचं. मला खरंच कुठंतरी पोचायचंय."

तेवढ्यात पन्नास पूर्ण झाल्याचं सांगत घड्याळ थरथरलं. मी निर्लज्ज, आधी मनगट बघितलं. मान वर केली, तेव्हा रस्ता रिकामा होता.