दुसरा ठिपका

पिंपळगावात मुबीनचा फोटो स्टुडिओ होता. द्राक्षावरच्या किडींचे फोटो काढताना किडा हलू नये म्हणून तो त्याला आधी फ्रिजमध्ये गारठवायचा. भुंगेरा मग निमूट बसे, आणि त्याच्या चकचकीत पाठीवर मुबीनच्या एकुलत्या एक फ्लॅशचा ठिपका उमटे.

"अजी, इथे दोन ठिपके कसे?" धुतलेल्या रोलचे फोटो बघत त्याची बायको उजमा म्हणाली.

मुबीनने भिंग लावलं. दुसरा ठिपका त्याच्या डोक्यामागून, वरून पडलेला. आणि दर फोटोत मोठा होत गेलेला.

त्याने डोकं वर करून बघायचा प्रयत्न केला. भर दुपारी त्याची मान गारठून आखडली होती. बोटंही हलेनात.

"काय झालं हो? बोला ना!"

डोक्यावर फ्लॅश चार्ज होतानाची बारीक शीळ सुरू झाली. मग थांबली.