साधी गाठ

"साधी गाठ होती," सर्जनबाई म्हणाल्या. "कॅन्सर नाही. रिपोर्ट आत्ताच हातात आला."

लिफ्ट मेकॅनिकच्या बायकोने तोंडावर हात धरला आणि ती रडायलाच लागली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबुवांना कुणी काही विचारलं नव्हतं, तेही "सुटलात बुवा!" म्हणून मोकळे झाले. मेकॅनिक स्वतः मात्र उशीला टेकून बसला होता तो ताठ झाला. टाके ओढले गेले, कळ थेट मस्तकात गेली.

"साधी होती, तर काढली कशाला?"

"अहो!" बायको म्हणाली.

"अहो काय? पोट माझं फाडलंय. आख्खी पानथरी, ती स्प्लीन का काय ती, काढून टाकली आणि आता म्हणतात, साधी!"

सर्जनबाई चिडल्या नाहीत. "सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसते, तिची जात दिसत नाही. सुईने तुकडा काढून बघायचा, तर पानथरी रक्ताने भरलेली. आत रक्त सुटलं असतं तर जिवावर बेतलं असतं. बाहेर काढल्याशिवाय कळणार नाही, हे मी आधीच सांगितलं होतं."

"लक्षण बरं नाही, असंही सांगितलं होतंत."

"नव्हतंच बरं. गाठ झपाट्याने वाढत होती." त्या जायला वळल्या आणि थांबल्या. "पानथरीशिवाय माणूस जगतो. पण यापुढे साधा ताप आला तरी अंगावर काढायचा नाही, तडक इथे यायचं. भांडायला आलात तरी चालेल."

त्या गेल्यावर बायकोने डोळे पुसले. "लोकांचे कान आसुसलेले असतात हे ऐकायला. आणि तुम्ही डाफरताय कुणावर?"

कुणावर, ते त्याला ठाऊक होतं, पण उघड बोलायची लाज वाटत होती. ऑपरेशनच्या सकाळी त्याला स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा आपण काही परत येत नाही, असंच त्याने धरलं होतं. तेवढ्यात थोरला भाऊ धावत आला. आई गेल्यापासून त्याने या भावाचं नाव टाकलं होतं. आई भावाकडे होती. ती गेल्याचं भावाने कळवलं, ते सगळं उरकल्यावर. आणि त्या सकाळी यानेच त्याचा हात धरला. "जाऊ दे, दादा. मनात काही ठेवू नकोस," असंही म्हणाला. मरायला निघालेल्या माणसाचं मन मोठं व्हायला कितीसा वेळ लागतो? आता तो मरणार नव्हता. आता ती माफी रोज सकाळी उठून निभवायची होती.

बायकोने पॅसेजमधून फोन केला असावा. दुपारी भाऊ फळांची पिशवी घेऊन हसत आत आला. "वाचलास की रे! म्हटलं नव्हतं मी?" त्याने पांघरुणावरून धाकट्याच्या पायावर थाप मारली.

"हात काढ."

भावाला वाटलं, दुखलं असेल. "लागलं का रे?"

"त्या दिवशी बोललो, ते मरणार म्हणून बोललो होतो. ते परत घेतोय मी."

"असं परत घेता येतं होय?" भाऊ अजून अर्धवट हसत होता.

"येतं. आईचं तोंड बघू दिलं नाहीस मला. एका गावात राहून! एक फोन, दादा. परक्यालाही लोक कळवतात." त्याने पोटावरची पट्टी तळहाताने दाबून धरली, आवाज मात्र खाली आला नाही. "आणि मी मूर्ख! साधं का म्हणूनसुद्धा विचारलं नाही तुला. आधीच माफ करून बसलो."

भावाचं हसू मावळलं. त्याने पिशवी खाली ठेवली. "कळवायला हवं होतं," तो पुटपुटला.

"ते मला माहीत आहे! का नाही कळवलंस, ते सांग."

म्हातारबुवांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. बायको उठून मध्ये पडणार, तोच सिस्टर तरातरा आली. "काय चाललंय? टाके उसवायचेत का? भेटायची वेळ संपली. चला, बाहेर व्हा."

भाऊ सुटल्यासारखा वळला. पण त्याला पाऊल उचलता येईना. मनगटावर मेकॅनिकची पकड बसली होती.

"याला राहू द्या, सिस्टर," तो म्हणाला. राग तसाच होता, पकडही. "आमचं आत्ता कुठे सुरू झालंय."