पिशवीतली गुरगुर

अमरावतीहून परतवाड्याकडे निघालेल्या जीपमध्ये संत्र्याचा बागायतदार शेखर बायको वर्षालीशेजारी चुळबुळत बसला होता. शीघ्रपतनावर डॉक्टरांनी दोघांना सराव सांगितला होता: आवेग चढला की थांबायचं, ओसरला की पुन्हा सुरू करायचं. शिवाय एक थरथरणारं मशीन दिलं होतं. तेव्हापासून वर्षाली नुसती बाहेरच बघत होती. ही माहेरी निघून जाते की काय, या धास्तीनं त्याला काही सुचत नव्हतं. जीप खड्ड्यात आदळली आणि मांडीवरची पिशवी गुरगुरू लागली. "बाबू, फोन वाजून राहिला. उचलत काहून नाही?" समोरची म्हातारी म्हणाली. त्यानं पिशवी दोन्ही हातांनी दाबून धरली. वर्षालीनं पिशवीत हात घालून मशीन बंद केलं. "फोन नाही मावशी, माह्या कंबरेची मशीन हाय." मग त्याच्या कानाशी लागली, "फूल यावं म्हणून संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडून महिनाभर वाट पाहता ना तुमी? तसाच दम आता दोघं धरू."